नळी नक्की कुठे आहे?

गेल्या शनिवारी सकाळी स्कूटरची पीयूसी काढायला गेलो होतो. पुनावळ्यात हायवेच्या भुयारी मार्गाकडे जाताना सर्व्हिस रोडला एक पांढरी व्हॅन उभी असते. मागचं दार वर, आत एक लॅपटॉप, एक प्रिंटर आणि बुटांच्या खोक्यापेक्षा जरा मोठा एक डबा. डब्यातून निघालेली काळी रबरी नळी. व्हॅनवाल्या पोराने नंबर प्लेटचा फोटो काढला, मोबाईल नंबर विचारला, "दादा, गाडी चालू ठेवा, रेस देऊ नका" म्हणाला आणि नळीचं टोक सायलेन्सरच्या तोंडाला टेकवलं. टेकवलं म्हणजे अक्षरशः टेकवलं. दोन बोटंसुद्धा आत गेलं नसेल. मी डब्यावरचे लाल आकडे बघत होतो. कार्बन मोनॉक्साइड ०.०४ टक्के!

माझी ॲक्टिव्हा २०१२ ची, कार्ब्युरेटरवाली. तिचा धूर इतका शुद्ध असेल तर मी रोज सकाळी तिच्या मागे बसून प्राणायाम करायला हरकत नाही.

"अरे, नळी जरा आत घाल ना," मी म्हणालो. त्याने माझ्याकडे असं काही बघितलं की बस. पीयूसी चांगली यावी म्हणून भांडणारे लोक त्याने पाहिले असतील, वाईट यावी म्हणून भांडणारा पहिलाच. पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी त्या डब्याबद्दल बोलू, कारण त्याच्याशी माझी जुनी ओळख आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी भोसरीच्या एका गाळ्यात मी दोन वर्षं असाच डबा बनवत होतो. म्हणजे डबा दुसरे लोक बनवायचे, मी त्याच्या आतला प्रोग्रॅम लिहायचो. नोकरीतली पहिली दोन वर्षं माणूस विसरत नाही, आणि त्या वर्षांत केलेल्या चुका तर अजिबातच नाही.

तर डब्यात असतं काय? मूळ गोष्ट इतकी साधी आहे की पहिल्यांदा ऐकल्यावर माझा विश्वास बसला नव्हता. एक वीतभर लांबीची नळी. एका टोकाला तापलेली तार, जिच्यातून इन्फ्रारेड किरण निघतात. दुसऱ्या टोकाला ते किरण मोजणारा डिटेक्टर. मधून गाडीचा धूर खेचायचा. प्रत्येक वायू इन्फ्रारेडमधला आपापला ठरलेला रंग खातो. कार्बन मोनॉक्साइड ४.७ मायक्रॉनच्या आसपासचा, कार्बन डायऑक्साइड ४.२६ चा, न जळलेलं पेट्रोल ३.४ च्या आसपासचा. हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन यातलं काहीच खात नाहीत, त्यामुळे ते मध्ये लुडबुड करत नाहीत. जितका रंग कमी झाला तितका तो वायू जास्त. संपलं! वायू असे किरण खातात हे जॉन टिंडॉलने लंडनमध्ये १८५९ पासूनच्या प्रयोगांत दाखवलं होतं.

पण त्याचं कारखान्यात टिकणारं यंत्र व्हायला १९३८ उजाडलं. जर्मनीत आय. जी. फार्बेन या रसायन कंपनीत एर्विन लेरर आणि कार्ल फ्रीडरिश लुफ्ट या दोघांनी ते केलं. नाव ठेवलं उरास. त्यातली युक्ती मला आजही आवडते. ४.७ मायक्रॉनचा रंग वेगळा कसा काढायचा? त्यासाठीची आजच्यासारखी फिल्टरं तेव्हा हाताशी नव्हती. मग त्यांनी डिटेक्टरच्या डबीत कार्बन मोनॉक्साइडच भरला! बाहेरच्या मोनॉक्साइडने जो रंग आधीच खाल्ला असेल तो आतल्या मोनॉक्साइडला मिळणार नाही, आतला वायू कमी तापेल, त्याचा दाब कमी होईल आणि दोन कप्प्यांमधला पातळ पत्र्याचा पडदा एका बाजूला झुकेल. चोर पकडायला त्याच जातीचा चोर. पडदा किती झुकला ते विजेने मोजायचं. या सगळ्यात संगणक कुठेही नाही, आणि तरी यंत्र उत्तम चालायचं.

पुढे हेच तंत्र माणसाचा श्वास मोजायला वापरलं गेलं. क्योटोमध्ये मासाओ होरिबा नावाच्या विद्यार्थ्याने १९४५ साली एक छोटी प्रयोगशाळा काढली होती. तिची पुढे मोठी कंपनी झाली आणि तिने दवाखान्यांसाठी श्वासातला वायू मोजणारं यंत्र केलं. तेच यंत्र साठच्या दशकाच्या मध्यात गाडीच्या धुराड्याला लावलं गेलं आणि मेक्सा या नावाने निघालं. आज गाड्यांच्या प्रयोगशाळांत हे नाव माहीत नसलेला माणूस सापडणार नाही. आपल्या चाकणलाही होरिबाचं तांत्रिक केंद्र आहे. रुग्णाचा श्वास आणि गाडीचा धूर, यंत्राला दोन्ही सारखेच!

मग संगणक आला कशाला?

आला तो आधी निमूटपणे, पडेल ते काम करायला. वायू दुप्पट झाला म्हणून खाल्लेला प्रकाश दुप्पट होत नाही. सुरुवातीला भराभर वाढतो, मग वाढ मंदावते. म्हणून जुन्या यंत्रांच्या तबकडीवरचे आकडे एका बाजूला ऐसपैस आणि दुसऱ्या बाजूला दाटीवाटीने असायचे. शिवाय तार जुनी होते, काचेवर काजळी बसते, दुपारी डबा तापतो, आणि शून्य सरकत राहतं. माणसाने दर थोड्या वेळाने स्वच्छ हवा सोडून स्क्रू ड्रायव्हरने शून्य लावायचं, मग माहीत असलेल्या वायूचा सिलिंडर जोडून वरचा आकडा लावायचा. मायक्रोप्रोसेसर स्वस्त झाल्यावर ही हमाली त्याच्याकडे गेली.

आमच्या डब्यात ८९सी५१ होता. चार किलोबाइट प्रोग्रॅम आणि १२८ बाइट स्मृती. किलो नाही, नुसत्या १२८ बाइट! आज मोबाईलवर आलेल्या 'गुड मॉर्निंग'च्या फुलाला याच्या शेकडो पट जागा लागते. त्याच्याशेजारी ७१०९ नावाची एक चिप, जी डिटेक्टरचा व्होल्टेज सावकाश, सेकंदाला सात-आठ वेळा, आकड्यात बदलून द्यायची. ती वक्र रेषा आम्ही ३२ बिंदूंत तोडली होती आणि दोन बिंदूंच्या मध्ये सरळ रेघ मारायचो. लॉगॅरिदम वगैरे परवडणारं नव्हतं. जागाच नव्हती!

बाकी वेळ हा छोटा जीव काय करायचा? पंप चालू करायचा. एक व्हॉल्व्ह उघडून स्वच्छ हवा घ्यायचा, शून्य लावायचा. व्हॉल्व्ह बदलून धूर घ्यायचा. पाण्याचा सापळा भरून नळी तुंबली तर प्रवाह कमी झाल्याचं ओळखून ओरडायचा. तार तापायला काही मिनिटं लागतात, तोवर कुणालाही आकडा दाखवायचा नाही. प्रोग्रॅमच्या दृष्टीने बघितलं तर सगळं मिळून सात-आठ अवस्था आणि त्यांच्यातल्या वाटा. कुठल्या अवस्थेतून कुठे जायला परवानगी आहे, हेच सगळं शहाणपण.

एक किस्सा सांगतो. पहिले काही डबे मुंबईला गेले आणि आठवड्यात तक्रार आली. गिऱ्हाईकाकडे स्वतःचा साडेतीन टक्क्यांचा सिलिंडर होता आणि आमचा डबा पावणेचारच्या आसपास दाखवत होता. आम्ही प्रोग्रॅम तपासला, सर्किट तपासलं, सिलिंडरवाल्यावर संशय घेतला. शेवटी आमचे सर (जुने इन्स्ट्रुमेंटेशनवाले, मितभाषी) म्हणाले, "अरे, आपण घाटावर आहोत." पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंच. हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्के कमी. तेवढ्याच नळीत मुंबईला तितके जास्त रेणू मावतात आणि ते जास्त प्रकाश खातात. डबा खरंच बोलत होता, फक्त टक्क्यांबद्दल नाही, रेणूंबद्दल! मग एक दाबाचा सेन्सर लावला, दहा-बारा ओळी लिहिल्या आणि डबा घाट उतरायला शिकला. दाबाची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे वेगळ्याच ठिकाणी परत येणार आहे.

इथवर संगणक यंत्राच्या चुका सुधारत होता. माणसाच्या चुका सुधारायचं, किंवा स्पष्टच बोलायचं तर माणसाच्या लबाडीवर पहारा ठेवायचं काम त्याला मिळालं ते कॅलिफोर्नियात.

लॉस एंजेलिसच्या धुरक्याचं मूळ मोटारींच्या धुरात आणि तेलकारखान्यांत आहे हे तिथल्या आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या आसपास दाखवून दिलं. त्यातून पुढे गाड्यांच्या तपासण्या आल्या. मार्च १९८४ मध्ये तिथे दर दोन वर्षांनी प्रत्येक गाडी तपासायची असा कार्यक्रम सुरू झाला, तोही खाजगी गॅरेजांमधून. गॅरेजवाला गिऱ्हाईकाला नाराज करेल का? म्हणून त्या वर्षीच्या यंत्रासाठी सरकारने जे नियम काढले ते वाचण्यासारखे आहेत. गाडीची माहिती यंत्रालाच द्यायची. पास की नापास ते मेकॅनिकने ठरवायचं नाही, यंत्र ठरवणार. आकडे यंत्राच्या पोटात साठणार आणि सरकारकडे जाणार. ठरलेल्या मुदतीत सिलिंडर लावून तपासणी झाली नाही तर यंत्र स्वतःला कुलूप लावून बसणार. वायू मोजायची रीत तीच, १९३८ ची. बदललं होतं ते हे की यंत्र आता गॅरेजात राहून सरकारची चाकरी करत होतं.

अमेरिकन नियमांमधल्या दोन अटी मी भोसरीत झेरॉक्सवर वाचल्या होत्या.

पहिली अट शिल्लक पेट्रोलची. रबरी नळी पेट्रोलची वाफ शोषून ठेवते आणि आधीच्या गाडीचं पाप पुढच्या गाडीच्या माथी मारते. म्हणून नवीन गाडी घेण्याआधी यंत्राने नळीतून साधी हवा ओढायची आणि हायड्रोकार्बन २० पीपीएमच्या खाली येईपर्यंत थांबायचं. मी ही अट प्रोग्रॅममध्ये घातली. गिऱ्हाईकांनी डोक्यावर घेतलं. "तुमचं मशीन आडमुठं आहे, रांग लागते!" एका दुपारी मी त्या २० चे १०० केले. एका आकड्याचा बदल. नवीन चिपा भाजल्या, पाठवल्या. कुणी काही बोललं नाही.

दुसरी अट जास्त महत्त्वाची. पेट्रोल जळलं की त्यातला कार्बन कुठेतरी गेलाच पाहिजे. चांगलं जळलं तर डायऑक्साइड, अर्धवट जळलं तर मोनॉक्साइड. दोघांची बेरीज धुराच्या साधारण १३ ते १५ टक्के भरते. गाडी चांगली असो वा भंगार, बेरीज फारशी बदलत नाही. आता नळी सायलेन्सरच्या बाहेर लोंबकळत असेल तर तिच्यात बाहेरची हवा घुसते आणि दोन्ही आकडे सारख्याच प्रमाणात पडतात. म्हणून नियम असा की बेरीज सहा टक्क्यांच्या खाली गेली तर चाचणी रद्द. यंत्राला डोळे नाहीत, पण या एका बेरजेवरून त्याला कळतं की नळी नक्की कुठे आहे. इतकी स्वस्त आणि इतकी सुंदर तपासणी मी नंतरच्या वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत क्वचित पाहिली.

त्यासाठी डायऑक्साइड मोजावा लागतो, हीच काय ती गोम. आमच्या आराखड्यात त्याची तिसरी खिडकी होती. मी बेरजेची तपासणी लिहून ठेवली होती. पण आपल्याकडच्या मागणीत त्या वायूचा उल्लेख नव्हता, फिल्टर आणि डिटेक्टर महाग होते, आणि शेजारचा स्पर्धक दोन वायूंचा डबा विकत होता. तिसरी खिडकी काढली. माझा तो कोड मी पुसला नाही, नुसता समोर अर्धविराम टाकून बंद केला. (असेंब्लीत अर्धविरामानंतरचं सगळं यंत्र वाचत नाही.) अर्धविराम का, तर पुढच्या आवृत्तीत लागेल म्हणून. पुढची आवृत्ती निघण्याआधी मी नोकरी सोडून हिंजवडीच्या दिशेने, एअर कंडिशनमध्ये गेलो.

असो.

आपल्याकडचा नियम तो १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला ११५ वा. सुरुवातीला बघायचे ते फक्त मोनॉक्साइड. गाडी जागेवर चालू ठेवून चारचाकीला तीन टक्के, दुचाकी-तिचाकीला साडेचार टक्के. १ ऑक्टोबर २००४ पासून हायड्रोकार्बनही आला आणि मर्यादा वयाप्रमाणे वेगळ्या झाल्या. मार्च २००० नंतरच्या फोर-स्ट्रोक दुचाकीला साडेतीन टक्के आणि ४५०० पीपीएम. पुढे बीएस-४ च्या मोटारींसाठी लॅम्डा आला. लॅम्डा म्हणजे इंजिनात हवा आणि पेट्रोलचं प्रमाण बरोबर आहे का याचा आकडा, आणि तो काढायला चारही वायू मोजावेच लागतात. म्हणजे मोटारींच्या बाबतीत नळी कुठे आहे हे ओळखायची सोय आपोआप झाली. जुन्या दुचाकीला मात्र मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन हे दोनच आकडे पुरतात. आणि पिंपरी-चिंचवडच्या रस्त्यावर संध्याकाळी सहाला उभं राहून मोजा, दुचाक्या किती आणि बाकी किती!

हे डबे विकण्याआधी मान्यता घ्यावी लागते, आणि ते काम करणाऱ्या संस्थांमध्ये १९६६ साली स्थापन झालेली आपली एआरएआय आहे, वेताळ टेकडीवरची. तिथली तपासणी कडक असते, मी स्वतः डबा घेऊन टेकडी चढलो आहे. पण तिथे डबा तपासतात. रस्त्यावर डबा, माणूस आणि लॅपटॉप असे तिघे असतात.

लॅपटॉप कधी आला ते बघा. आधी हाताने लिहिलेली पावती असायची. मग संगणकीकरण झालं, डब्याच्या पाठीमागून एक सीरियल केबल निघाली आणि पास-नापास ठरवायचं काम डब्यातून लॅपटॉपवरच्या प्रोग्रॅममध्ये गेलं. आता तर सगळं 'वाहन'च्या मध्यवर्ती नोंदीशी जोडलेलं आहे. जून २०२१ च्या अधिसूचनेने देशभर एकच नमुना आला, क्यूआर कोडसकट. कागद फार देखणा झाला. पण कॅलिफोर्नियाने १९८४ साली जे यंत्राच्या पोटात कोंडलं होतं ते आपण केबलच्या बाहेर काढून ठेवलं. केबलच्या एका टोकाला वायू माहीत, दुसऱ्या टोकाला गाडीचा नंबर माहीत, आणि ही दोन्ही एकाच गाडीची आहेत की नाहीत हे फक्त मधल्या पोराला माहीत.

याचं काय होतं ते दिल्लीच्या बाबतीत कॅगच्या अहवालात आलं आहे. अहवाल २०२५ मध्ये दिल्ली विधानसभेत मांडला गेला. ऑगस्ट २०१५ ते ऑगस्ट २०२० च्या नोंदी तपासल्या तर १.०८ लाख गाड्यांचे आकडे मर्यादेच्या वर असूनही त्यांना प्रमाणपत्र दिलेलं सापडलं. ७,६४३ वेळा एकाच केंद्रावर एकाच वेळी एकाहून जास्त गाड्या तपासल्याची नोंद होती. पहिला आकडा वाचून मला, प्रोग्रॅमर म्हणून, खरंच लाज वाटली. दुसऱ्या प्रकारात माणूस लबाडी करतो. पहिल्या प्रकारात दोन आकड्यांची तुलना करायची एक ओळ कुणीतरी लिहिलीच नाही, किंवा लिहून समोर अर्धविराम टाकला.

कॅलिफोर्नियातही लबाडी थांबली नाहीच. यंत्राला कळत होतं की नळी धुराड्यात आहे. कुणाच्या धुराड्यात, ते कळत नव्हतं! गॅरेजवाले खराब गाडीचा नंबर टाकायचे आणि नळी शेजारच्या चांगल्या गाडीला लावायचे. शेवटी मार्च २०१५ पासून तिथे २००० सालच्या आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांच्या बाबतीत नळीच काढून टाकली. त्याऐवजी गाडीतल्या संगणकाला वायर जोडून त्यालाच विचारायचं की बाबा, तुझं कसं चाललंय?

आणि बरोबर सहा महिन्यांनी, १८ सप्टेंबर २०१५ ला, फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं.

हे प्रकरण सगळ्यांना ढोबळ माहीत आहे, पण डब्याच्या बाजूने बघितलं तर जास्त मजेशीर आहे. प्रयोगशाळेतल्या वायू-विश्लेषकाला कुणीही फसवलं नव्हतं. नळी जागेवर होती, शून्य लावलेलं होतं, सिलिंडर ताजे होते. अशा प्रयोगशाळांत विश्लेषकाला एक मोठा संगणक हुकूम देतो. जर्मन मोटार कंपन्यांनी ठरवलेली त्यांची एक चार अक्षरी भाषा आहे. शून्य-वायू घे, मोजायचा वायू घे, आकडा सांग. एका हुकमाने यंत्र 'रिमोट'मध्ये जातं आणि मग समोरची बटणं माणसाने दाबली तरी ऐकत नाही. माणसाचा हात लागूच नये इतकी काळजी! आणि लबाडी कुठून आली, तर मोजल्या जाणाऱ्या गाडीतून. इंजिनावरचा छोटा संगणक ओळखत होता की आपली परीक्षा चालू आहे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या नोटिशीत तो काय-काय बघायचा ते दिलं आहे: स्टिअरिंग किती वळलंय, वेग, इंजिन किती वेळ चालू आहे, आणि हवेचा दाब. हवेचा दाब! आम्ही तो सेन्सर खरं बोलता यावं म्हणून लावला होता.

पकडलं कसं? वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या गटाने विश्लेषकच उचलून गाडीच्या डिकीत ठेवला आणि कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर शेकडो मैल फिरवला. डिकीत होता तो होरिबाचा, गाडीवर चढवता येणारा संच. गटात बंगळूरचे हेमंत कप्पन्ना आणि अरविंद तिरुवेंगडम हे दोघे भारतीयही होते. २०१४ मध्ये त्यांचा अहवाल आला. जेट्टा नायट्रोजनचे ऑक्साइड मर्यादेच्या १५ ते ३५ पट सोडत होती, पसाट ५ ते २० पट.

आपल्याकडे याचा पत्ता थेट चाकणचा. फोक्सवॅगनचा तिथला कारखाना ३१ मार्च २००९ ला सुरू झाला. ज्या डिझेल इंजिनाचा हा वाद, ईए १८९, ते पोलो आणि व्हेंटोतही होतं. एआरएआयने या गाड्या रस्त्यावर चालवून मोजल्या तेव्हा आकडे बीएस-४ मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आले. डिसेंबर २०१५ मध्ये समूहाने सुमारे ३.२३ लाख गाड्या परत बोलावून सॉफ्टवेअर बदलायचं जाहीर केलं. कंपनीचं म्हणणं असं की ही स्वेच्छेने केलेली दुरुस्ती आहे, बीएस-४ ची परीक्षा प्रयोगशाळेतली असते, रस्त्यावरची नाही, आणि त्या नियमाचा भंग झालेला नाही. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड केला, कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि मे महिन्यात न्यायालयाने कारवाई थांबवली.

ही प्रयोगशाळेतली परीक्षा म्हणजे रोलरवर गाडी ठेवून ठरलेल्या वेगाने चालवायची एक ठरलेली फेरी. तिचं नाव सुधारित भारतीय चालन-चक्र, इंग्रजीत लघुरूप एमआयडीसी. त्यामुळे आमच्या पट्ट्यात 'गाडी एमआयडीसीत पास झाली' म्हटलं की अर्थ दोन होतात. एका एमआयडीसीत खड्डे, चढ, ट्रक, शिफ्ट सुटल्यावरची गर्दी असं सगळं आहे. दुसऱ्यात यातलं काहीही नाही.

१ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात खऱ्या रस्त्यावरची चाचणी आली. आता नव्या मोटारीच्या मागे विश्लेषकाची पेटी लावून ती खरंच रस्त्यावर फिरवावी लागते. कधी तशी गाडी दिसली तर मी मान वळवून बघतो. बायको म्हणते, पुढे बघ. पण त्या पेटीत तीच वीतभर नळी आहे आणि तिला यावेळी कुणाच्या सांगण्यावर विसंबायचं नाहीये, याचं मला कौतुक वाटतं.

हे सगळं नव्या मोटारींचं. सर्व्हिस रोडवरची माझी ॲक्टिव्हा या कुठल्याच नियमात बसत नाही. तिच्यासाठी दोन आकडे, सहा महिन्यांची मुदत आणि तो डबा.

तर शनिवारी मी त्या पोराला म्हणालो, नळी एक फूट तरी आत जायला हवी. तो म्हणाला, "दादा, जाळीला अडकते." मी खाली वाकून सायलेन्सर बघितला. खरंच अडकत होती. चुकीच्या गाडीसाठीची जाड नळी होती ती. मग त्याने व्हॅनमध्ये शोधून एक रबरी जोडनळी काढली, धूळ झटकली, सायलेन्सरच्या तोंडावर बसवली आणि तिच्यातून नळी आत सारली. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. आकडा हलला. ०.३, ०.९, १.४, मग १.८ च्या आसपास थांबला. हायड्रोकार्बन ७०० च्या घरात. साडेतीनच्या मर्यादेत आरामात पास! म्हणजे नळी बाहेर ठेवूनही पास, आत घालूनही पास. मोनॉक्साइडचा फरक मात्र पंचेचाळीस पटींचा.

मागे दोन रिक्षा आणि एक बुलेट येऊन थांबली होती. बुलेटवाल्याने हॉर्न दिला. पोराने लॅपटॉपवर पहिली चाचणी आणि दुसरी चाचणी अशा दोन ओळी दाखवल्या आणि अगदी सरळपणे विचारलं, "दादा, यातली कुठली छापू?"